बाळ उशिरा रडलं, एलडीएच १४८० आला: या आकड्यावरून काय कळतं आणि काय नाही

प्रश्न विचारणारे बाळाचे मामा आहेत. त्यांनी लिहिलेलं थोडक्यात असं: मंगळवेढ्यात बहिणीचं पहिलंच बाळंतपण. कळा लांबल्या, शेवटी व्हॅक्यूम लावून बाळ काढलं. बाळ लगेच रडलं नाही, अंबू बॅगने श्वास द्यावा लागला. पाच मिनिटांचा अपगार (जन्मल्यावर बाळाच्या स्थितीला दिलेले दहापैकी गुण) ५. तिथून सोलापूरला एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात हलवलं. पहिल्या दिवशी एक झटका (फिट) आला, औषधाने थांबला. विसाव्या तासाच्या आसपास काढलेल्या रक्तात एलडीएच १४८०, सीपीके-एमबी ११८, एसजीओटी १५६ (तिन्ही रक्तात मोजले जाणारे एन्झाइम), आणि प्रत्येकापुढे ठळक अक्षरात ‘हाय’. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या लॅबमध्ये एलडीएच ६९०. आज चौथा दिवस. एक नातेवाईक म्हणतात मेंदूला मार बसला, दुसरे म्हणतात बाळाला हार्ट अटॅक आला. मामांचा स्वतःचा हिशेब असा की १४८० चे ६९० झाले, म्हणजे धोका अर्ध्यावर आला. रोज तपासणी करायची का आणि चूक कोणाची, हेही त्यांनी विचारलंय.

मी बालरोगतज्ज्ञ आहे, काम मुख्यतः नवजात बाळांचं. सोलापुरात आमच्याकडे अक्कलकोट, मोहोळ, सांगोला, बार्शीपासून ते पलीकडच्या इंडी-विजापूरपर्यंतची बाळं येतात, आणि हातात असाच एक रिपोर्ट घेऊन उभे असलेले मामा, काका, आजोबा रोज भेटतात. सगळ्यांचा खरा प्रश्न एकच असतो: पोरगं नीट होईल ना? त्याचं उत्तर या तीन आकड्यांत नाही. पण आकडे निरर्थकही नाहीत. ते कसे वाचायचे ते सांगते. एक मात्र आधीच स्पष्ट करते: मी बाळ पाहिलेलं नाही. तुमच्या डॉक्टरांनी पाहिलंय, त्यामुळे त्यांचं म्हणणं माझ्या लिहिण्यापेक्षा वरचढ समजा.

आधी हे एन्झाइम रक्तात येतात कुठून? पेशीला ऑक्सिजन मिळेनासा झाला की तिच्यातली ऊर्जा संपत जाते. पेशीच्या आवरणावरचे पंप बंद पडायला लागतात, आवरण गळकं होतं आणि आतला ऐवज रक्तात उतरतो. एलडीएच, सीपीके, एसजीओटी, एसजीपीटी हे सगळे पेशीच्या आत राहून काम करणारे एन्झाइम. रक्तात ते वाढले म्हणजे कुठल्या तरी पेशींना इजा झाली. कुठल्या, हे मात्र एलडीएच सांगत नाही, कारण तो लिव्हर, स्नायू, हृदय, किडनी, मेंदू आणि तांबड्या पेशी अशा जवळजवळ सगळीकडे असतो. भीमेचा पूर ओसरल्यावर भिंतींवर पाण्याची रेघ उरते ना, तसा हा आकडा. पाणी किती चढलं होतं ते दिसतं, कुठल्या घरात किती नुकसान झालं ते आत जाऊनच बघावं लागतं.

यात एक गंमत आहे, जी बऱ्याच नातेवाइकांना कोणी समजावलेली नसते. ऑक्सिजन हळूहळू कमी पडायला लागला की बाळाचं शरीर काटकसर करतं. मेंदू, हृदय आणि ॲड्रिनल ग्रंथी यांच्याकडे रक्त वळवतं, आणि लिव्हर, किडनी, आतडी, स्नायू, त्वचा यांचा पुरवठा आखडता घेतं. म्हणजे रक्तात वाढलेले बरेचसे एन्झाइम या मागे ठेवलेल्या अवयवांतून आलेले असतात. लिव्हरचे एन्झाइम चढलेत पण मेंदूला फार झळ बसलेली नाही, अशी बाळं आम्ही बघतो. उलटंही होतं. नाळ बाहेर घसरली किंवा गर्भाशय फाटलं आणि पुरवठा एकदम तुटला, तर रक्त वळवायला शरीराला वेळच मिळत नाही. अशा वेळी मेंदूच्या आतल्या भागाला जबर मार बसतो, आणि लिव्हर-किडनीचे रिपोर्ट त्या मानाने बरे दिसू शकतात. म्हणून ‘एलडीएच जास्त म्हणजे मेंदूचं नुकसान तेवढंच जास्त’ हे सरळ गणित इथे बसत नाही.

आता तुमच्या १४८० आणि ६९० कडे येते, कारण तुमच्या प्रश्नाची खरी गाठ तिथेच आहे.

तुम्ही दोन्ही रिपोर्टचे फोटो टाकलेत ते बरं केलंत. पहिल्या रिपोर्टवर नॉर्मल रेंज २३० ते ४६० छापली आहे, दुसऱ्यावर ‘२४८ पर्यंत’. हा फरक छपाईचा नाही. एलडीएच मोजायच्या दोन रीती आहेत. हा एन्झाइम पायरुव्हेटपासून लॅक्टेट बनवतो आणि लॅक्टेटपासून पायरुव्हेटही बनवतो. काही किटमध्ये पहिली दिशा मोजतात, काहींमध्ये दुसरी. पहिल्या दिशेने मोजलं की त्याच रक्तात आकडा साधारण दुप्पट येतो. लहान लॅबमधल्या सेमी-ऑटो मशीनवर पहिल्या रीतीचे किट सर्रास चालतात. मोठ्या ऑटोमॅटिक मशीनवर बहुधा दुसरी रीत असते. तुमच्या दोन रेंज बघता तुमच्याकडेही हेच झालेलं दिसतंय. म्हणजे पहिल्या लॅबचे १४८० दुसऱ्या लॅबच्या हिशेबाने सातशे-साडेसातशेच्या घरात जातात. त्यामुळे ६९० हा ‘अर्ध्यावर आलेला’ आकडा नाही, जवळपास तिथेच आहे. हे ऐकून दचकू नका, पुढचं वाचा.

रेंजबद्दलचा दुसरा मुद्दा. दोन्ही रिपोर्टवर छापलेली रेंज मोठ्या माणसांची आहे. नवजात बाळाचा एलडीएच मुळातच जास्त असतो. दुसऱ्या रीतीने मोजला तरी पहिल्या काही आठवड्यांत निरोगी बाळातही तो सहाशेपर्यंत असू शकतो. सॉफ्टवेअरला समोरचं बाळ चार दिवसांचं आहे की माणूस चाळीस वर्षांचा, हे कुणी सांगितलेलंच नसतं, ते बिचारं २४८ च्या वर गेलं की ‘हाय’ छापून मोकळं होतं. त्यामुळे तुमच्या बाळाचे ६९० हे त्याच्या वयाला ‘किंचित जास्त’ आहेत, ‘जवळपास तिप्पट’ नाहीत.

तिसरा मुद्दा पहिल्या रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात आहे: ‘नमुना अंशतः हीमोलाइज्ड’. नवजात बाळाचं रक्त काढणं किती किचकट असतं ते लोकांना माहीत नसतं. शीर दोऱ्याएवढी, रक्त दाट, अर्धा-एक मिली मिळवताना नाकीनऊ येतात. टाचेला टोचून थेंब थेंब घेतलं आणि टाच जोरात दाबली, तर तांबड्या पेशी तिथेच फुटतात. मग नळी मशीनमध्ये गरगर फिरवल्यावर वर राहणारं पाणी (सीरम), जे पेंढ्यासारखं पिवळसर दिसायला हवं, ते गुलाबी किंवा लालसर दिसतं. तांबड्या पेशींत एलडीएच ठासून भरलेला असतो. पेशी नळीत फुटल्या की तो सगळा मोजणीत येतो, आणि बाळाच्या शरीरात न घडलेली इजा कागदावर उमटते. पोटॅशियम आणि काही प्रमाणात एसजीओटीसुद्धा अशाच खोट्या चढतात. आमच्या युनिटमध्ये असा नमुना आला की एलडीएचचा आकडा मी विचारातच घेत नाही. गरज असेल तर शिरेतून नीट काढून पुन्हा पाठवायला सांगते.

नमुना लॅबपर्यंत कसा गेला यावरही बरंच अवलंबून असतं. उन्हाळ्यात सोलापुरात पारा चाळिशीच्या वर असतो, आणि न फिरवलेली नळी खिशात घालून कुणी दुपारी मोटारसायकलवर निघालं, तर पेशी वाटेतच गळायला लागतात. म्हणून काही जण काळजीने नळी फ्रिजमध्ये ठेवतात, पण एलडीएचचे काही प्रकार थंडीतच बिघडतात आणि आकडा खोटा उतरतो. नळी लवकर फिरवून सीरम वेगळं करायचं, खोलीच्या तापमानाला ठेवायचं आणि त्याच दिवशी चालवायचं, हे बरं.

म्हणजे तुमच्याकडचे दोन आकडे दोन रीतींचे, त्यातला एक खराब नमुन्याचा. त्यांची तुलना करून बाळ सुधारतंय की बिघडतंय हे ठरवता येणार नाही, ना तुमच्या बाजूने ना त्या नातेवाइकांच्या.

आता तो हार्ट अटॅक. मोठ्या माणसाच्या छातीत दुखलं की सीपीके-एमबी करतात, हे लोकांना पक्कं माहीत असतं, म्हणून बाळाच्या रिपोर्टवर ते नाव दिसलं की घर हादरतं. बाळाच्या बाबतीत दोन गोष्टी ध्यानात घ्या. पहिली, सीपीके मुख्यतः स्नायूंतला एन्झाइम. लांबलेल्या कळा, व्हॅक्यूम, डोक्यावरची सूज, सुया, यांनी तो वाढतो. साध्या सुखरूप बाळंतपणानंतरही पहिल्या दिवशी बाळाचा सीपीके बराच वर असतो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत उतरतो. दुसरी गोष्ट मोजण्याच्या रीतीची. बऱ्याच लॅबमध्ये सीपीके-एमबी थेट मोजत नाहीत. स्नायूंचा ‘एम’ भाग रसायनाने बंद करतात, उरलेला ‘बी’ भाग मोजतात आणि त्याला दोनने गुणतात. मोठ्या माणसाच्या रक्तात मेंदूकडचा ‘बीबी’ प्रकार जवळजवळ नसतो, म्हणून तिथे हा हिशेब चालतो. नवजात बाळात ‘बीबी’ थोडा असतोच, गुदमरलेल्या बाळात आणखी वाढू शकतो, आणि तो सगळा ‘एमबी’च्या नावावर दुप्पट होऊन जमा होतो. कधी कधी तर एमबी एकूण सीपीकेपेक्षाही जास्त येतो, म्हणजे भाग पूर्णापेक्षा मोठा! तसा रिपोर्ट दिसला की समजायचं, हृदयाशी त्याचा संबंध लावण्यात अर्थ नाही.

ऑक्सिजन कमी पडल्याने हृदयाला ताण येतोच, नाही असं नाही. पण तो ओळखायला नाडी, रक्तदाब, ईसीजी आणि टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) बघतात. तुम्ही लिहिलंय की बाळाला रक्तदाब टिकवायचं औषध लागलं नाही आणि ऑक्सिजनही कालपासून बंद आहे. या दोन वाक्यांना माझ्या लेखी त्या ११८ पेक्षा जास्त वजन आहे.

एवढं वाचून वाटेल, मग डॉक्टर या तपासण्या सांगतातच कशाला? रास्त प्रश्न आहे. याचं उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे.

बाळ आमच्याच हॉस्पिटलमध्ये जन्मलं, प्रसूतीच्या वेळी बालरोगतज्ज्ञ हजर होते, अपगार नीट नोंदला गेला, नाळेतल्या रक्ताचं पीएच (रक्तात ॲसिड किती साठलंय त्याचं माप, ॲसिड जास्त तर आकडा कमी) केलं, तर एलडीएचने माझ्या ज्ञानात फारशी भर पडत नाही. नाळेच्या रक्ताचं पीएच ७.० च्या खाली आणि ॲसिड बरंच साठलेलं, ही जन्माच्या क्षणाची साक्ष असते. एन्झाइम तिची जागा घेऊ शकत नाहीत. पण आपल्या जिल्ह्यात बाळं अशी येत नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतात, कागदावर फक्त ‘बेबी क्राइड लेट’ लिहिलेलं असतं, अपगारची जागा कोरी, नाळेचं रक्त कुणी घेतलेलं नाही. एखादं वाटेत रिक्षात जन्मलेलं असतं. बाळ सुस्त आहे, दूध ओढत नाही, झटके येतायत. हे जन्माच्या वेळी गुदमरल्यामुळे, की जंतुसंसर्ग, की साखर-कॅल्शियम उतरलंय, की चयापचयाचा जन्मजात आजार? इथे एलडीएच कामाला येतो. ७२ तासांच्या आसपास तो अजिबात वाढलेला नसेल तर मोठ्या गुदमरण्याची शक्यता बरीच कमी होते आणि मी दुसरीकडे शोध घेते. वाढलेला असेल तर मात्र नुसता तेवढ्यावर शिक्का मारता येत नाही. जंतुसंसर्गात, रक्तगट न जुळल्याने पेशी फुटणाऱ्या काविळीत, जी-सिक्स-पीडी या तांबड्या पेशींतल्या एन्झाइमच्या कमतरतेतही तो वाढतो.

वेळेचं गणितही बघावं लागतं. सीपीके लवकर चढतो आणि लवकर उतरतो, तीन दिवसांनी तो नॉर्मल निघाला तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. एसजीओटी पहिल्या दोन-तीन दिवसांत दिसते आणि एसजीपीटीच्या आधी उतरते. एलडीएच त्या मानाने रेंगाळतो, म्हणूनच उशिरा आलेल्या बाळात त्याला किंमत. कुठलाही आकडा बघताना मी आधी ‘बाळ किती तासांचं होतं’ हे विचारते. रिपोर्टवर तारीख असते, तास नसतो. तो पेनने लिहून ठेवायची सवय आमच्या सिस्टर्सना लावली आहे.

इंटरनेटवर शोधलंत तर आणखी गोंधळ होईल. आपल्याकडच्या अनेक प्रबंधांत एलडीएच ५८० च्या वर आणि सीपीके-एमबी ९२.६ च्या वर अशा रेषा आखलेल्या दिसतील. स्वीडनमधल्या एका अभ्यासात जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांतल्या एलडीएचसाठी १०४९ ही रेषा आहे. यातलं कुणी चूक नाही. वेगवेगळे तास, वेगवेगळी बाळं, वेगवेगळ्या रीती. पण त्यातली रेषा उचलून आपल्या रिपोर्टवर ठेवली की हमखास घोटाळा होतो.

मग मी बाळाच्या उशाशी उभी राहून बघते काय? बाळालाच. ऑक्सिजनच्या कमतरतेने मेंदूवर झालेल्या परिणामाच्या तीन पायऱ्या करतात, १९७६ पासून हीच पद्धत चालत आली आहे. पहिल्या पायरीचं बाळ उलट जास्तच जागं, चिडचिडं, दचकणारं, एक-दोन दिवसांत सावरणारं. ही बाळं बहुतेक सगळी छान निघतात. दुसऱ्या पायरीचं सुस्त, हातपाय सैल, चोखणं कमकुवत, झटके येऊ शकतात. यातली बरीच बाळं चांगली वाढतात, काहींना पुढे अडचणी येतात, आणि नेमकी कुणाला, हे पहिल्या आठवड्यात कळू लागतं. तिसरी पायरी बेशुद्धीची, श्वासाला मशीन लागतं. तिथे मी नातेवाइकांना खोटी आशा लावत नाही.

तुमच्या वर्णनावरून बाळ दुसऱ्या पायरीच्या आसपास असावं, पण पायरी तपासून ठरते, वाचून ठरत नाही. दिशा मला बरी वाटते: झटका एकच, ऑक्सिजन बंद, नळीने दूध पचतंय, थोडंसं चोखायला लागलंय. ‘फार झोपतं’ म्हणून तुम्ही घाबरलात. झटक्यासाठी फेनोबार्बिटोन दिलं असेल, तर नवजात बाळाच्या शरीरातून ते उतरायला कित्येक दिवस लागतात. झोपेचा काही भाग औषधाचाही असू शकतो. डॉक्टरांना हे विचाराच.

आठवडा-दहा दिवसांत बाळ अंगावर नीट प्यायला लागलं आणि हातपायांचा ताण तपासणीत नॉर्मल आला, तर ती मोठी जमेची बाजू. त्याखालोखाल एमआरआय. तो साधारण चौथ्या ते सातव्या दिवसात केला तर सगळ्यात स्पष्ट बोलतो. बाळ स्थिर असेल तर भूल लागतेच असं नाही, दूध पाजून, दुपट्यात घट्ट गुंडाळून झोपेत करता येतो. टाळूवरून केलेली सोनोग्राफी सोपी आणि स्वस्त, रक्तस्राव दिसायला उपयोगी, पण ऑक्सिजनच्या इजेसाठी तिची नजर अधू. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, झटके आलेल्या बाळात करून ठेवावा. पैशांची ओढाताण असेल तर मी एन्झाइम पुन्हा करण्यापेक्षा ते पैसे एमआरआयसाठी राखायला सांगते.

कुणी तरी तुम्हाला ‘कूलिंग का नाही केलं’ असंही विचारेल. जन्मापासून सहा तासांच्या आत बाळाचं तापमान ३३-३४ अंशांवर आणून ७२ तास ठेवायचं, असा तो उपचार. श्रीमंत देशांत तो प्रस्थापित आहे. मात्र भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या मोठ्या हॉस्पिटलांत झालेल्या ‘हेलिक्स’ चाचणीत, जिचे निकाल २०२१ मध्ये आले, कूलिंगने मृत्यू किंवा अपंगत्व कमी झालं नाही, उलट मृत्यू जास्त दिसले. त्यामुळे आपल्याकडे यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. मंगळवेढ्याहून निघालेल्या बाळाला ते मिळालं नाही याची रुखरुख लावून घेऊ नका. वाटेत बाळ उबदार राहिलं का, साखर तपासली का, हे प्रश्न जास्त कामाचे होते. त्याचबरोबर, अशा बाळाला ताप येऊ देणं किंवा जास्त तापवणं मात्र नक्की वाईट. घरी नेल्यावर पत्र्याच्या खोलीत, वैशाखात, तीन दुपटी आणि वर शेकशेगडी, हे अजिबात नको. धुरी तर नकोच.

रोज रक्त तपासायचं का? नाही. तीन किलोच्या बाळाच्या अंगात रक्त असतं अडीचशे मिलीच्या आसपास. दोन मिली काढलं तरी जवळजवळ शंभरावा हिस्सा गेला. साखर, सोडियम, कॅल्शियम, क्रिएटिनिन, रक्त गोठण्याच्या तपासण्या यांना उपचार बदलण्याची ताकद आहे, त्या लागतील तशा होऊ द्या. (क्रिएटिनिन ही किडनीची तपासणी, पण ते पहिल्या दिवशी बरंचसं आईचंच असतं, म्हणून पुढे उतरतंय का ते बघतात.) वाढलेली एसजीओटी-एसजीपीटी खाली आली का, हे एकदा बघणं रास्त. एलडीएच मात्र पुन्हा करायचाच असेल तर त्याच लॅबमध्ये, शिरेतल्या स्वच्छ नमुन्यावर, एकदाच. आणि करण्याआधी डॉक्टरांना सरळ विचारा, ‘आकडा काहीही आला तरी उपचारात काय बदलेल?’ काही बदलणार नसेल तर नको.

चूक कोणाची, यावर मी इथे निकाल देणार नाही, आणि एन्झाइमही देऊ शकत नाहीत. ऑक्सिजन कमी पडला तो कळांच्या शेवटच्या तासात, की दोन दिवस आधी पोटातच, हे एलडीएचवरून ठरत नाही. साधारण दर दहा बाळांत एकाला जन्मतः श्वास सुरू करायला थोडीफार मदत लागतेच, सगळं काही नीट केलं तरी. चूक झाली का हे ठरवायला कळांच्या नोंदी, बाळाच्या ठोक्यांच्या नोंदी, व्हॅक्यूम कधी आणि का लावला, पहिल्या मिनिटांत काय केलं, हे कागद बघावे लागतात. त्यांच्या प्रती मागणं हा तुमचा हक्क आहे, भांडण न करता लेखी अर्ज द्या. बाळाच्या पुढच्या डॉक्टरांनाही त्यांचा उपयोग होईल. आणि तोवर त्या तालुक्याच्या डॉक्टरांबद्दल गावात काही बोलू नका. अंबू बॅग वेळेवर लावणाऱ्या हातांनीच बाळ तुमच्यापर्यंत पोचवलंय.

डिस्चार्जच्या वेळी तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या: कानाची तपासणी (बेरा) कधी, डोक्याचा घेर किती आणि पुढे कधी मोजायचा, विकासाच्या तपासणीच्या तारखा कोणत्या. निदान दीड-दोन वर्षं या तारखा चुकवू नका. बाळ हसतं-खेळतं दिसलं की लोक येणं बंद करतात, आणि एका हाताची मूठ सारखी मिटलेली राहते हे आठव्या महिन्यात कुणाच्या तरी लक्षात येतं. लवकर सुरू केलेल्या व्यायामाचा, थेरपीचा फायदा खरा असतो. सरकारी योजनेत यासाठी जिल्हा पातळीवर डीईआयसी म्हणजे लवकर निदान आणि उपचार केंद्रं आहेत, सिव्हिलमध्ये चौकशी करा. गावातल्या आशाताईंना बाळ एनआयसीयूतून आलंय हे आवर्जून सांगा, त्या घरी येऊन बाळ बघतात. आणि बाळगुटी, मध, कानानाकात तेल, यातलं काही नको, आजी कितीही रागावल्या तरी.

शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलेली एक ओळ. ताईंना टाके आहेत म्हणून त्या मंगळवेढ्यातच आहेत आणि बाळाला वरचं दूध चाललंय. चालण्याइतक्या बऱ्या असतील तर त्यांना सोलापूरला घेऊन या. चौथा दिवस आहे, दूध आता उतरायला लागलं असेल, आणि न काढता राहिलं तर आटेल. येईपर्यंत दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, हाताने दूध काढायला सांगा. उकळलेल्या स्टीलच्या वाटीत, स्वच्छ हातांनी. आल्यावर एनआयसीयूच्या सिस्टरना विचारून त्यांनी काढलेलं दूध नळीने द्यायला सुरुवात करता येते, आणि डॉक्टर हो म्हणाले की रोज थोडा वेळ बाळाला छातीशी उघड्या अंगाने धरू द्या. चोखणं सुधारलं की नाही, हे मग त्याच सगळ्यांच्या आधी सांगतील.